अनिष्टाची समस्या आणि इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद : ख्रिस्ती ईश्वरवादाच्या समर्थनाचे एक तात्त्विक परीक्षण

सारांश

ईश्वर सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि पूर्णतः शुभ असेल, तर जगात अनिष्ट का आहे, हा ख्रिस्ती श्रद्धेवरील अत्यंत जुना आणि प्रभावी आक्षेप आहे. त्याला दिले जाणारे प्रमुख उत्तर मानवाच्या इच्छास्वातंत्र्याचे आहे. प्रस्तुत लेखात संत ऑगस्टीनपासून अल्विन प्लांटिंगा यांच्यापर्यंत झालेला या उत्तराचा विकास पाहून त्याची बलस्थाने व मर्यादा तपासल्या आहेत. अनिष्टाच्या समस्येत तीन भिन्न प्रश्न मिसळलेले असतात : सुसंगतीचा, संभाव्यतेचा आणि स्वीकार्यतेचा. इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद पहिल्या प्रश्नाला समर्थ उत्तर देतो, दुसऱ्याला अपुरे उत्तर देतो आणि तिसऱ्याला देऊ शकत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अनिष्टाची समस्या, इच्छास्वातंत्र्य, ईश्वरवाद, नैतिक अनिष्ट, नैसर्गिक अनिष्ट, शक्य जग.

१. प्रास्ताविक

ख्रिस्ती श्रद्धेला बुद्धीचा आधार देण्याचे प्रयत्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सातत्याने झाले आहेत. अकराव्या शतकात संत अन्सेल्मने ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करणारा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद मांडला. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनसने गती, कार्यकारणभाव, आपातिकता, गुणांची तरतमता आणि प्रयोजन यांवर आधारलेले प्रसिद्ध पाच मार्ग सांगितले. पुढे कांटने या सैद्धांतिक युक्तिवादांवर कठोर टीका करून ईश्वरश्रद्धेला नैतिकतेचे अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला. हे सर्व युक्तिवाद ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूने काही कारणे देऊ पाहतात.

अनिष्टाच्या समस्येचे स्थान याहून वेगळे आहे. येथे ईश्वरवाद्याला बाजू मांडायची नसून आक्षेप परतवायचा असतो. या आक्षेपाचे गांभीर्य ईश्वरवाद्यांनीही ओळखले होते. अ‍ॅक्विनसने पाच मार्ग सांगण्यापूर्वी, आपल्या पद्धतीप्रमाणे, प्रथम विरोधी मते नोंदविली आहेत. त्यांतील पहिलेच मत अनिष्टाविषयी आहे. दोन परस्परविरोधी गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरीला वाव उरणार नाही. ईश्वर म्हणजे अनंत शुभ. म्हणून ईश्वर असता तर अनिष्ट नसते. परंतु अनिष्ट आहे, असा तो पूर्वपक्ष आहे. सुमारे सातशे वर्षांनंतर आधुनिक निरीश्वरवादाने मांडलेला युक्तिवाद याच सांगाड्यावर उभा आहे.

धर्मतत्त्वज्ञानाच्या अध्यापनात हा विषय बहुधा दोन रकान्यांत शिकविला जातो : एकीकडे आक्षेप आणि दुसरीकडे उत्तरे. त्यामुळे कोणते उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे आहे, हे अनेकदा अस्पष्ट राहते. ती अस्पष्टता दूर करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. समस्येचे स्वरूप

समस्येची अभिजात मांडणी ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याच्या नावावर सांगितली जाते. ती आपल्यापर्यंत चौथ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस याच्या ग्रंथातून आली आहे. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने नैसर्गिक धर्मावरील आपल्या संवादांत तिला पुन्हा धार दिली. हा ग्रंथ ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. या मांडणीचा आशय असा : ईश्वराला अनिष्ट दूर करण्याची इच्छा आहे पण सामर्थ्य नाही, असे मानल्यास तो सर्वशक्तिमान नाही, सामर्थ्य आहे पण इच्छा नाही, असे मानल्यास तो शुभ नाही, आणि दोन्ही असतील, तर अनिष्टाचा उगम कशात आहे?

अनिष्टाचे सामान्यतः दोन प्रकार केले जातात. हत्या, विश्वासघात, गुलामगिरी, छळ यांसारखे मनुष्याच्या कृतीतून किंवा जाणीवपूर्वक निष्क्रियतेतून उद्भवणारे अनिष्ट म्हणजे नैतिक अनिष्ट. भूकंप, रोगराई, दुष्काळ, प्राण्यांच्या वेदना यांसारखे मानवी इच्छेवर अवलंबून नसलेले अनिष्ट म्हणजे नैसर्गिक अनिष्ट. दुष्काळात अन्नाचा साठा दडवून ठेवला गेला, तर दोन्ही प्रकार एकत्र येतात. तरीही हा भेद पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती विचारात विशेष तीव्र का होतो, हे भारतीय दर्शनांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात हाच आक्षेप वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या शब्दांत येतो. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ईश्वर प्राण्यांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने विषम सृष्टी निर्माण करतो, म्हणून त्याच्याकडे दोष जात नाही. पाऊस सर्व पिकांचे साधारण कारण असतो. भात आणि जव यांतील फरक बीजांमुळे पडतो. पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, या शंकेला संसार अनादि आहे, असे उत्तर दिले जाते.

ख्रिस्ती ईश्वरवादाला या उत्तराचा आश्रय घेता येत नाही. त्याच्या दृष्टीने सृष्टी शून्यातून निर्माण झाली आहे, तिला आरंभ आहे आणि मनुष्याला एकच ऐहिक जीवन आहे. शिवाय दुःखाचा पूर्वकृत पापाशी थेट हिशेब जोडण्याला खुद्द शुभवर्तमानातच विरोध आढळतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. कारणांची साखळी अशा रीतीने ईश्वराच्या निर्मितीकृतीपाशी येऊन थांबते. तिच्यात ईश्वराखेरीज दुसरा खराखुरा कर्ता शोधायचा झाल्यास तो मनुष्याच्या इच्छेतच शोधावा लागतो. म्हणूनच इच्छास्वातंत्र्याच्या संकल्पनेवर येथे इतका भार पडतो.

३. ऑगस्टीन आणि अभिजात मांडणी

इच्छास्वातंत्र्याच्या उत्तराला तात्त्विक रूप देण्याचे श्रेय मुख्यतः संत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्याकडे जाते. तारुण्यात सुमारे नऊ वर्षे तो मानीपंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानून हा पंथ अनिष्टाचा उलगडा करीत असे. ख्रिस्ती एकेश्वरवाद स्वीकारल्यावर दुसरे तत्त्व मानण्याची सोय उरली नाही. तेव्हा ऑगस्टीनने दोन कल्पना पुढे आणल्या. पहिली अशी की, अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नाही. ती शुभाची न्यूनता आहे. अंधत्व ही डोळ्यात भरलेली एखादी वस्तू नसून दृष्टीचा अभाव असतो, तसेच हे आहे. ईश्वराने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू, ती अस्तित्वात आहे त्या मर्यादेत, शुभच आहे. दुसरी कल्पना अशी की, ही न्यूनता निर्माण होते ती इच्छेच्या विमुखतेतून. उच्चतर शुभाकडे पाठ फिरवून इच्छा निम्नतर शुभाकडे वळते आणि या वळण्याला इच्छेपलीकडचे कारण नसते. इच्छास्वातंत्र्यावरील त्याचा संवादरूप ग्रंथ याच प्रश्नाला वाहिलेला आहे.

या मांडणीतील अडचणी उघड आहेत. न्यूनतेची कल्पना अनिष्टाचे सत्ताशास्त्रीय स्थान सांगते. वेदनेचा अनुभव मात्र अभावाचा नसून अत्यंत भावरूप असतो. दुसरे असे की, पूर्णतः शुभ ईश्वराने निर्माण केलेली निर्दोष इच्छा मुळात वळलीच कशी? एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखरने हा आक्षेप स्पष्टपणे मांडला. तिसरी अडचण ऑगस्टीनच्याच उत्तरकालीन विचारातून येते. पेलेजियसशी झालेल्या वादात त्याने मूळ पापामुळे मानवी इच्छा दुर्बल झाली असून ईश्वरी कृपेवाचून ती शुभाकडे वळू शकत नाही, असा आग्रह धरला. पेलेजियसच्या पक्षाने ऑगस्टीनच्या पूर्वीच्या ग्रंथाचाच आधार घेतल्यामुळे, आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या ग्रंथांचे पुनरवलोकन करताना त्याला यासंबंधी खुलासा करावा लागला. स्वातंत्र्यावर सगळा नैतिक दोष टाकायचा आणि ते स्वातंत्र्य कृपेविना पंगू आहे असेही म्हणायचे, हा ताण ख्रिस्ती परंपरेत पुढेही टिकून राहिला.

ऑगस्टीनच्या आधी, दुसऱ्या शतकात, लियॉनचा बिशप आयरेनियस याने वेगळी दिशा सुचविली होती. मनुष्य आरंभी परिपूर्ण नव्हता, अपरिपक्व होता आणि परिपक्वतेकडे जाणे हा त्याचा प्रवास आहे. जॉन हिक यांनी १९६६ मध्ये ‘ईव्हिल अँड द गॉड ऑफ लव्ह’ या ग्रंथात या सूत्राचा आधुनिक विस्तार केला. त्यांच्या मते हे जग सुखासाठी बांधलेले निवासस्थान नसून आत्म्याच्या घडणीचे क्षेत्र आहे. धैर्य, करुणा, क्षमा हे गुण संकटरहित जगात घडू शकत नाहीत. येथेही स्वातंत्र्य केंद्रस्थानी आहे. मात्र ते पतनाचे कारण म्हणून नव्हे, विकासाची अट म्हणून.

४. लायब्निझ आणि लिस्बनचा भूकंप

‘थिओडिसी’ हा शब्द जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने घडविला. ग्रीक भाषेतील ईश्वर आणि न्याय या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला असून १७१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचे शीर्षकही हेच आहे. ईश्वराच्या न्यायीपणाचे समर्थन असा त्याचा अर्थ. लायब्निझच्या मते ईश्वरासमोर असंख्य शक्य जगे होती. त्यांतून त्याने निवडलेले हे जग एकंदरीने सर्वोत्तम आहे. त्यातील एखादे अनिष्ट वगळले, तर संपूर्ण जगच वेगळे होईल.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहराला भूकंपाचा भीषण धक्का बसला. प्रार्थनेसाठी भरलेली चर्चे कोसळली. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आग यांनी शहर उद्ध्वस्त केले. हजारो माणसे मरण पावली. व्हॉल्तेरने प्रथम या आपत्तीवरील काव्यातून आणि नंतर १७५९ मधील ‘कँदिद’ या कथेतून सर्वोत्तम जगाच्या कल्पनेची खिल्ली उडविली. रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रातील उत्तर आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सहा-सात मजल्यांची घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती. लोक विरळ वस्तीत राहत असते, तर हानी पुष्कळ कमी झाली असती, असे त्याचे म्हणणे होते. नैसर्गिक अनिष्टाचा काही भाग मानवी निवडीच्या खात्यावर वळविण्याचा हा प्रयत्न होय. आपत्तींच्या आजच्या अभ्यासातही या विचाराला स्थान आहे. तथापि भूकवच हलतेच का, हा ईश्वरवाद्याला विचारलेला प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

५. तार्किक आक्षेप : मॅकी

विसाव्या शतकात या चर्चेला काटेकोर तार्किक वळण मिळाले. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात ईश्वरवाद निराधारच नव्हे, तर आत्मविसंगत आहे, असा दावा केला. ‘ईश्वर सर्वशक्तिमान आहे’, ‘ईश्वर पूर्णतः शुभ आहे’ आणि ‘अनिष्ट अस्तित्वात आहे’ या तीन विधानांत व्याघात आहे, असे त्यांचे म्हणणे. केवळ या तीन विधानांतून व्याघात निघत नाही, हे मॅकी जाणून होते. म्हणून त्यांनी दोन पूरक तत्त्वे जोडली : शुभ हे शक्य तेथवर अनिष्टाचे निराकरण करते, आणि सर्वशक्तिमानाच्या सामर्थ्याला मर्यादा नसतात.

इच्छास्वातंत्र्याच्या उत्तराचा विचारही मॅकी यांनी केला. त्यांचा प्रतिप्रश्न असा : मनुष्य एखाद्या प्रसंगी स्वेच्छेने शुभ निवडू शकतो, यात तार्किक अशक्यता नाही. मग प्रत्येक प्रसंगी स्वेच्छेने शुभच निवडण्यातही तार्किक अशक्यता नाही. असे असताना, नेहमी स्वेच्छेने शुभ निवडणारी माणसे ईश्वराने का निर्माण केली नाहीत? त्याच वर्षी अँटनी फ्ल्यू यांनीही नियतता आणि स्वातंत्र्य परस्परसंगत आहेत, या भूमिकेवरून असाच मुद्दा मांडला. कृती कारणनियत असूनही स्वतंत्र असू शकत असेल, तर ईश्वराने कारणांची योजनाच अशी का केली नाही की, माणसे स्वतंत्रपणे शुभच करतील?

हा प्रतिप्रश्न अभिजात उत्तराला निरुत्तर करणारा वाटतो. स्वातंत्र्य मौल्यवान आहे, एवढे म्हणणे त्यापुढे पुरत नाही. स्वातंत्र्य आणि सदैव सदाचार यांचा संयोग सर्वशक्तिमानालाही घडवून आणता येणार नाही, असे असू शकते, हे दाखवावे लागते.

६. प्लांटिंगा यांचा बचाव

अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लांटिंगा यांनी १९७४ मधील ‘द नेचर ऑफ नेसेसिटी’ आणि ‘गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल’ या ग्रंथांत नेमके हेच कार्य हाती घेतले. त्यांनी प्रथम थिओडिसी आणि बचाव यांत भेद केला. थिओडिसी ईश्वर अनिष्ट का होऊ देतो, याचे खरे कारण सांगू पाहते. बचावाला इतकेच दाखवायचे असते की, ईश्वर आणि अनिष्ट ही दोन्ही एकत्र सत्य असू शकतील अशी परिस्थिती शक्य आहे. व्याघाताचा आरोप खोडण्यास तेवढे पुरेसे असते.

प्लांटिंगा ज्या स्वातंत्र्याविषयी बोलतात, ते फ्ल्यू यांच्या अर्थाचे नाही. एखादी कृती करणे किंवा न करणे पूर्वकारणांनी नियत झालेले नसेल, तरच कर्ता त्या कृतीबाबत स्वतंत्र आहे, असा त्यांचा अर्थ आहे. आता एका उदाहरणाने त्यांच्या युक्तिवादाचा गाभा पाहू. एका लिपिकासमोर विशिष्ट परिस्थितीत लाच ठेवली गेली. तो स्वतंत्र आहे. त्याने लाच स्वीकारली असे एक शक्य जग आहे आणि ती नाकारली असे दुसरेही शक्य जग आहे. तथापि ‘त्या परिस्थितीत त्याला मोकळे सोडले असते, तर त्याने लाच स्वीकारली असती’ हे विधान सत्य असेल, तर ईश्वर दुसरे जग प्रत्यक्षात आणू शकत नाही. ईश्वर परिस्थिती निर्माण करू शकतो, लिपिकाला स्वातंत्र्य देऊ शकतो. परंतु नकार घडवून आणला, तर तो लिपिकाचा स्वतंत्र नकार राहत नाही. म्हणजेच काही जगे तार्किकदृष्ट्या शक्य असूनही ती वास्तवात आणणे एकट्या ईश्वराच्या हाती नसते. सर्वशक्तिमान ईश्वर कोणतेही शक्य जग वास्तवात आणू शकतो, या समजाला प्लांटिंगा लायब्निझची चूक म्हणतात. मॅकी यांचा प्रतिप्रश्नही याच समजावर उभा आहे.

यापुढील पायरी अशी : एखादी व्यक्ती कोणत्याही परिस्थितीत निर्माण केली आणि तिला नैतिक स्वातंत्र्य दिले, तरी ती निदान एकदा चुकेल, असे असू शकते. या अवस्थेला सर्वजगतीय पतनशीलता म्हणता येईल. निर्माण होऊ शकणाऱ्या सर्वच व्यक्ती अशा असतील, हे शक्य आहे. तसे असल्यास नैतिक शुभ असलेले परंतु नैतिक अनिष्ट नसलेले जग ईश्वराला निर्माण करता येणार नाही. येथे ‘शक्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसे खरोखरच अशी आहेत, असा दावा प्लांटिंगा करीत नाहीत. बचावासाठी त्याची आवश्यकताही नाही. नैसर्गिक अनिष्टाबाबतही ते म्हणतात की, मानवेतर स्वतंत्र आत्म्यांच्या कृतीतून ते उद्भवले असण्याची शक्यता व्याघात टाळण्यास पुरेशी आहे.

या बचावाचा परिणाम मोठा झाला. मॅकी यांच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिरॅकल ऑफ थिइझम’ या ग्रंथात, अनिष्टाच्या समस्येतून ईश्वरवादाच्या मध्यवर्ती सिद्धांतांतील तार्किक विसंगती सिद्ध होत नाही, असे मान्य केलेले आढळते. अर्थात प्लांटिंगा यांच्या मांडणीच्या तपशिलावर मॅकी यांचे आक्षेप कायम होते. विश्लेषक परंपरेतील अनेक निरीश्वरवाद्यांनीही यानंतर व्याघाताचा दावा सोडून दिला.

तथापि हा बचाव निर्विवाद नाही. पहिला आक्षेप असा की, जी परिस्थिती कधी घडलीच नाही तिच्यात स्वतंत्र व्यक्तीने काय केले असते, या विधानाला सत्यता कोठून येते? रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९७७ मध्ये हा प्रश्न उपस्थित केला. सोळाव्या शतकातील स्पॅनिश जेझुइट मोलिना याच्या ईश्वरी ज्ञानविषयक सिद्धांतापर्यंत या वादाची मुळे जातात. दुसरे, सर्वजगतीय पतनशीलतेची मूळ व्याख्या सदोष असल्याचे रिचर्ड ऑटे यांनी २००९ मध्ये दाखविले आणि प्लांटिंगा यांनी ती दुरुस्त केली. तिसरा आक्षेप ख्रिस्ती सिद्धांतांच्या आतूनच येतो. ईश्वर स्वतः स्वतंत्र आहे, पण तो पाप करू शकत नाही. स्वर्गातील धन्य आत्मेही पाप करीत नाहीत. पापाची शक्यता नसलेले स्वातंत्र्य ईश्वराच्या ठायी सर्वोच्च मूल्य ठरते, तर मनुष्याला तेच का दिले गेले नाही? यावर एक उत्तर असे दिले जाते की, मनुष्याचे चारित्र्य त्याच्या स्वतःच्या निवडींतून घडलेले असावे, यालाच मूल्य आहे. स्वर्गातील स्थिरता ही त्या घडणीची परिणती आहे. हे उत्तर विचारार्ह आहे. मात्र ते स्वीकारताच आपण बचावाकडून पुन्हा हिक यांच्या थिओडिसीकडे सरकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

७. संभाव्यतेचा प्रश्न

व्याघाताचा आरोप मागे पडल्यावर आक्षेपाने नवे रूप घेतले. विल्यम रो यांनी १९७९ मधील निबंधात पुढील उदाहरण दिले. दूरच्या अरण्यात वीज पडून वणवा लागतो. एक हरणाचे पाडस होरपळते आणि मृत्यू येईपर्यंत अनेक दिवस यातना भोगत पडून राहते. या यातनेवाचून साध्य झाले नसते असे कोणतेही मोठे शुभ आपल्याला दिसत नाही. म्हणून निदान काही यातना निरर्थक आहेत, असे मानणे वाजवी ठरते. आणि तसे असल्यास सर्वशक्तिमान व पूर्णतः शुभ ईश्वर नसणे अधिक संभाव्य ठरते.

या उदाहरणात मनुष्य कोठेही नाही. कोणी अपराधी नाही, कोणी साक्षीदार नाही, कोणाची करुणा जागी होत नाही. त्यामुळे स्वातंत्र्य आणि आत्म्याची घडण ही दोन्ही उत्तरे येथे दुबळी पडतात. मानवेतर आत्म्यांची शक्यता व्याघात टाळण्यास पुरेशी होती; संभाव्यतेच्या तराजूत तिला फारसे वजन नाही. उत्क्रांतीच्या ज्ञानाने ही अडचण वाढविली आहे. मनुष्य अवतरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे प्राणी वेदना सोसत आणि मरत आले आहेत; आदिमानवाच्या पतनातून त्याचे स्पष्टीकरण देणे कठीण आहे. डार्विननेही १८६० मध्ये एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात, जिवंत अळीच्या शरीरावर पोसणाऱ्या परोपजीवी गांधिलमाशांचा दाखला देऊन परोपकारी निर्मात्याविषयीचा आपला संभ्रम व्यक्त केला होता.

ईश्वरवाद्यांची येथील उत्तरे दोन प्रकारची आहेत. रिचर्ड स्विनबर्न यांच्या मते निसर्ग नियमबद्ध असेल, तरच आपल्या कृतींचे परिणाम आपल्याला कळतात आणि जबाबदार निवड शक्य होते. वेदना हा अशा नियमबद्ध जगाचा अपरिहार्य भाग आहे. स्टीफन विक्स्ट्रा यांनी १९८४ मध्ये रो यांच्या अनुमानावरच बोट ठेवले. ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असे अनुमान केव्हा करता येते? ती गोष्ट असती तर आपल्याला दिसली असती, असे मानण्यास आधार असेल तेव्हाच. ग्रंथालयाच्या दारात उभे राहून आत हत्ती नाही, असे म्हणता येते. पुस्तकांना कसर लागलेली नाही, असे म्हणता येत नाही. अनंत ज्ञान असलेल्या ईश्वराची प्रयोजने मर्यादित मानवी बुद्धीला दिसतीलच, अशी अपेक्षा कशी करता येईल?

हे उत्तर तर्कदृष्ट्या बळकट आहे. पण त्याची किंमतही मोठी आहे. प्रत्येक यातनेमागे अज्ञात शुभ असू शकते, तर समोरची यातना थांबविण्याचे आपले कर्तव्य कशावर आधारायचे? शिवाय ईश्वराच्या प्रयोजनांविषयी आपण इतके अनभिज्ञ असू, तर त्याच्या वचनांवरील विश्वासालाही त्याच न्यायाने धक्का बसतो. ख्रिस्ती ईश्वर स्वतःला प्रकट करणारा आहे. त्यामुळे अनभिज्ञतेचा हा आधार श्रद्धावंताला बेतानेच वापरावा लागतो.

८. स्वीकार्यतेचा प्रश्न

दस्तयेव्हस्कीच्या ‘करमाझव बंधू’ या कादंबरीत (१८८०) इव्हान आपल्या भावासमोर निरपराध मुलांच्या छळाच्या कहाण्या मांडतो. तो ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालत नाही. अंती सर्व काही एका महान सुसंवादात विलीन होईल, हेही तो वादापुरते मान्य करतो. एका छळलेल्या मुलाच्या अश्रूंच्या मोबदल्यात मिळणारा सुसंवाद आपल्याला नको, असे त्याचे म्हणणे आहे. हा प्रश्न सुसंगतीचाही नाही आणि संभाव्यतेचाही नाही. छळणाऱ्याचे स्वातंत्र्य राखण्यासाठी मुलाने ही किंमत द्यावी, असे त्या मुलाला कोण सांगू शकेल? इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद जगाचा जमाखर्च मांडतो. ज्याच्या नावावर फक्त खर्चच पडला, त्याच्याविषयी तो मौन पाळतो.

मॅरिलिन मकॉर्ड अ‍ॅडम्स यांनी १९९९ मध्ये भयंकर अनिष्टांवरील आपल्या ग्रंथात ही उणीव नेमकेपणाने दाखविली. काही अनिष्टे अशी असतात की, त्यांमुळे भोगणाऱ्याचे किंवा करणाऱ्याचे जीवनच एकंदरीने मोलाचे राहिले आहे का, अशी शंका उत्पन्न होते. ईश्वर शुभ असेल, तर तो केवळ समग्र जगाच्या दृष्टीने शुभ असून भागणार नाही. त्या प्रत्येक व्यक्तीच्या दृष्टीनेही तो शुभ असला पाहिजे. असे होण्यासाठी व्यक्तीच्या जीवनातच त्या अनिष्टावर मात झाली पाहिजे. येथे अ‍ॅडम्स सामान्य ईश्वरवादाची कक्षा ओलांडून अवतार, क्रूस आणि मरणोत्तर जीवन या विशिष्ट ख्रिस्ती कल्पनांकडे वळतात. ईश्वराने स्वतः ख्रिस्तामध्ये यातना भोगल्या, म्हणून भोगणाऱ्याची यातना ईश्वराशी असलेल्या त्याच्या नात्याचा भाग होऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये क्रूसावरील ईश्वराविषयी लिहिलेल्या ग्रंथातही दुःखापासून अलिप्त असलेल्या ईश्वराची कल्पना नाकारली आहे.

हे विचार निरीश्वरवाद्याला पटवण्यास पुरेसे नाहीत; कारण ते ज्या सिद्धांतांवर उभे आहेत, ते त्याला मान्य नसतात. तरीही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ख्रिस्ती श्रद्धेचे स्वतःचे उत्तर इच्छास्वातंत्र्याच्या सूत्रात संपत नाही. इच्छास्वातंत्र्य हे कोणत्याही एकेश्वरवाद्याला वापरता येण्याजोगे साधन आहे. क्रूसाची कल्पना तशी नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ईश्वर आणि अनिष्ट यांच्या सहअस्तित्वात तार्किक व्याघात आहे, हा आरोप प्लांटिंगा यांच्या बचावापुढे टिकविणे कठीण आहे. तपशिलातील वाद चालू असले, तरी व्याघात सिद्ध करण्याची जबाबदारी आता आक्षेपकावर आहे.

२) व्याघात नाही, यावरून ईश्वरवाद सत्य आहे किंवा संभाव्य आहे, असे ठरत नाही. नैसर्गिक अनिष्ट आणि विशेषतः प्राण्यांच्या वेदना यांच्या संदर्भात इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद अपुरा आहे. तेथे ईश्वरवाद्याला अन्य युक्तिवादांची, तसेच ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूने असलेल्या एकंदर पुराव्याची मदत घ्यावी लागते.

३) भोगणाऱ्याच्या प्रश्नाला हा युक्तिवाद उत्तर देत नाही आणि तसा त्याचा दावाही नसावा. संकटात सापडलेल्या माणसाला धीर देणे हे बचावाचे किंवा थिओडिसीचे कार्य नाही, असे खुद्द प्लांटिंगा यांनीही स्पष्ट केले आहे.

या तीन प्रश्नांची गल्लत दोन्ही पक्षांकडून होते. श्रद्धेचा समर्थक पहिल्या प्रश्नातील यश तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडतो. टीकाकार तिसऱ्या प्रश्नातील मौन पहिल्या प्रश्नातील पराभव म्हणून दाखवितो. ही गल्लत केवळ बौद्धिक राहत नाही. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणे शास्त्रशुद्ध रीतीने समजावून सांगतात. आणि ग्रंथाच्या शेवटी ईश्वराचा कोप तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर या समर्थक मित्रांवर होतो. ईश्वराच्या समर्थनार्थ दिलेला प्रत्येक युक्तिवाद ईश्वराला मान्य असतोच असे नाही, असा संकेत ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथातच आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, अनिष्टाच्या समस्येवरील कोणताही युक्तिवाद वर्गात मांडताना तो कोणाच्या, कोणत्या प्रश्नाला उद्देशून आहे, हे प्रथम विचारले पाहिजे. वर्गातील एखादा विद्यार्थी हा प्रश्न तर्कशास्त्राच्या जिज्ञासेने विचारतो. दुसऱ्याच्या मनात घरातील एखादा मृत्यू असतो. दोघांचे शब्द सारखेच असू शकतात. पहिल्याला मॅकी आणि प्लांटिंगा यांचा वाद समजावून देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्याला तोच वाद त्याच क्षणी समजावून देणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची भूमिका घेणे होय.